एक डिस्क, दोन कारभारी : वाचकांचे संगणकप्रश्न

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. संगणकावर विंडोज आहे, शेजारी लिनक्स (त्याचाच एक प्रकार उबुंटू) आहे, आणि मध्ये दोघांनी वापरायचा एक ड्राइव्ह. आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत घ्यावीत. मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ आहे. डी ड्राइव्ह दोन्हीकडून वापरतो. उबुंटूत तो कधी नीट उघडतो, कधी फक्त वाचता येतो, लिहू देत नाही. नेटवर वाचून 'एनटीएफएसफिक्स' चालवले, तेव्हा लिहिता आले. पण उबुंटूत साठवलेल्या बिलांच्या पीडीएफ विंडोजमध्ये गेल्यावर गायब! डिस्क गेली का? (एक वाचक, इचलकरंजी)

डिस्क बहुधा धडधाकट आहे. घोटाळा विंडोज 'बंद' होण्यात आहे, कारण ते पूर्ण बंद होतच नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. शट डाउन म्हटले की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा मिटत नाही. त्याची रॅममधली अवस्था जशीच्या तशी सी ड्राइव्हवरच्या 'हायबरफिल.एसवायएस' या फाइलीत उतरवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलून पुढे चालू होते. त्या अवस्थेत डी ड्राइव्हचा हिशेबही असतो : कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा मोकळी आहे.

समजा, दुकानाची एकच वही दोघे लिहितात. पहिला दुपारी जेवायला गेला, शेवटच्या पानाची बेरीज डोक्यात ठेवून. मागे दुसऱ्याने त्याच पानावर चार नोंदी केल्या. पहिला परत आला आणि वहीकडे न बघता डोक्यातल्या हिशेबानेच पुढे लिहायला लागला. मधल्या चार नोंदींवर शाई फिरली. तुमच्या पीडीएफ म्हणजे त्या चार नोंदी.

लिनक्सला हे कळत नाही असे नाही. विंडोज डिस्कवर फाइली 'एनटीएफएस' या पद्धतीने मांडते, आणि लिनक्समध्ये ती पद्धत वाचणारा 'एनटीएफएस-३जी' हा ड्रायव्हर अशा वेळी स्पष्ट संदेश देतो : मेटाडेटा (फाइलींच्या जागांचा हिशेब) विंडोजच्या कॅशमध्ये अडकलेला आहे, म्हणून लिहिण्यासाठी जोडत नाही, फक्त वाचण्यासाठी देतो. कर्नेलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) नवा 'एनटीएफएस३' ड्रायव्हर (लिनक्स ५.१५ पासून, २०२१) 'डर्टी' (नीट बंद न झालेला) अशी खूण असलेला विभाग, म्हणजे डिस्कचे पार्टिशन, जोडायला नकार देतो. मात्र तेव्हा फाइल मॅनेजर जो संदेश दाखवतो त्यात 'राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक' वगैरे शब्द असतात. ते वाचून डिस्कच फुटली असे वाटते. तसे नसते.

तुम्ही एनटीएफएसफिक्स चालवलेत म्हणजे दारावरच्या राखणदाराला घरी पाठवलेत. हे साधन एनटीएफएसची दुरुस्ती करत नाही. चार-दोन मूलभूत विसंगती सरळ करते, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामे करते आणि विंडोज पुढच्या वेळी तपासणी करील अशी खूण ठेवते. झोपलेल्या विंडोजच्या विभागावर ते चालवणे धोक्याचे. 'रिमूव्ह_हायबरफाइल' या पर्यायाचेही तेच. तो विंडोजची साठवलेली अवस्था पुसून टाकतो, त्यात न साठवलेले काही असेल तर ते गेले.

'कधी चालते, कधी नाही' याचे कारणही यातच आहे. विंडोजमध्ये रीस्टार्ट केले की फास्ट स्टार्टअप लागू होत नाही, पूर्ण बंद होऊनच यंत्र पुन्हा सुरू होते. रीस्टार्ट करून थेट उबुंटूत गेलात त्या दिवशी सगळे सुरळीत. रात्री शट डाउन करून सकाळी उबुंटू उघडलेत त्या दिवशी अडचण. पडताळून पाहा, जुळेल.

आता करायचे ते असे. डी ड्राइव्हवर आणखी काहीही लिहू नका. हरवलेल्या फाइलींपैकी अत्यावश्यक काही असेल, तर आधी उबुंटूतून (फक्त वाचण्याच्या स्थितीत) जे दिसते ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, कारण पुढची तपासणी डिस्कवर बदल करते. मग विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जा. वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर टिचकी मारल्याशिवाय खालचा चौकोन बदलता येत नाही, बरेच जण इथेच अडतात. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढा आणि सेव्ह करा. तो चौकोन दिसतच नसेल तर हायबरनेशन (सगळी अवस्था डिस्कवर उतरवून यंत्र झोपवणे) आधीच बंद आहे, म्हणजे फास्ट स्टार्टअपही बंद.

हायबरनेशन कधीच वापरत नसाल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही एक आज्ञा पुरते. दोन्ही बंद होतात आणि हायबरफिल फाइलही जाते. तिचा आकार सहसा रॅमच्या ४० टक्क्यांच्या आसपास असतो. १६ जीबी रॅमच्या यंत्रावर सहा जीबीहून जास्त जागा मोकळी होते. त्यानंतर 'सीएचकेडीएसके डी: /एफ' (चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी) चालवा. पोरक्या झालेल्या फाइली सापडल्या तर त्या डी ड्राइव्हवर 'फाउंड.०००' नावाच्या छुप्या फोल्डरमध्ये, मूळ नावाशिवाय मिळतात. पीडीएफ असल्यास फाइलीच्या नावाचा शेवट '.पीडीएफ' करून उघडून पाहा.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत लागलेली सापडते. तेव्हा वर्षातून एक-दोनदा बघत जा. आणि एकट्या विंडोजला दोष देऊ नका. उबुंटू हायबरनेट करून, म्हणजे डी जोडलेला असतानाच झोपवून, विंडोज उघडलेत तर हीच गंमत उलट्या बाजूने घडते.

प्रश्न : ५१२ जीबीची एसएसडी आहे, सगळी सी ड्राइव्हमध्ये. उबुंटूसाठी आणि सामाईक फाइलींसाठी जागा काढायची आहे. किती आणि कशी? सामाईक विभाग एनटीएफएस ठेवू, एक्सफॅट की फॅट३२? (एक वाचक, नांदेड)

कंपनीचे ५१२ जीबी विंडोजला सुमारे ४७६ दिसतात, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. नेहमीच्या कामाला सी १५०, उबुंटू ७० आणि उरलेले अडीचशे सामाईक, अशी वाटणी पुरते. मोठे खेळ किंवा व्हिडिओ संपादनाची सॉफ्टवेअर असतील तर सी २०० करा.

सी ड्राइव्ह आकसायचा तो विंडोजमधूनच, लिनक्सच्या साधनाने नाही. विंडोज आणि एक्स या कळा एकदम दाबून डिस्क मॅनेजमेंट, सी वर उजवी टिचकी, 'श्रिंक व्हॉल्यूम'. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो : ३२० जीबी काढायचे तर ३२० गुणिले १०२४, म्हणजे ३२७६८०. बरेचदा विंडोज म्हणते की इतके जमत नाही, ऐंशीच जीबी निघतील. डिस्क भरलेली नसते. मध्येच कुठेतरी न हलणारी फाइल बसलेली असते : पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल), हायबरनेशनची फाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरचे बिंदू. तिन्ही तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, मग आकसा. नंतर पेजफाइल आणि रिस्टोअर परत सुरू करा. हायबरनेशन बंदच राहू द्या. कारण वर आले आहे.

निघालेल्या मोकळ्या जागेत 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घेऊन २५६००० एमबीचा सामाईक विभाग तिथेच करा. उरलेले ७० जीबी 'अनॲलोकेटेड' राहू द्या, उबुंटूचा इन्स्टॉलर ते घेईल. यंत्र जुने असून डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची असेल तर जपून. तिथे चारच प्रायमरी विभाग चालतात. पुढचा विभाग करायला गेलात की विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करायची परवानगी मागू शकते. ती देऊ नका. डायनॅमिक डिस्कवर उबुंटू बसवणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

फाइल सिस्टिम : एनटीएफएस. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, एका लग्नाच्या व्हिडिओत तो विषय संपला. एक्सफॅटला ती मर्यादा नाही आणि लिनक्सच्या कर्नेलमध्ये त्याचा पक्का ड्रायव्हर ५.७ पासून (२०२०) आहे. पण त्याला जर्नल नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर काय अर्धवट राहिले याची नोंद कुठेच नसते. शिवाय ३२ जीबीपेक्षा मोठ्या विभागावर विंडोज एक्सफॅटला १२८ केबीचे क्लस्टर (एका फाइलीने अडवायची कमीत कमी जागा) देते. दोन-दोन केबीच्या दहा हजार फाइली (प्रोग्रॅमिंग करणाऱ्याकडे सहज असतात) तिथे सव्वा जीबीच्या आसपास जागा अडवतात. एनटीएफएसवर चार केबीच्या क्लस्टरमध्ये त्याच फाइली ४० एमबीत बसतात. एक्सफॅट घ्यायचे ते पेनड्राइव्हला, किंवा घरात मॅकही असेल आणि डिस्क त्यालाही लावायची असेल तेव्हा. मॅकओएस एनटीएफएस वाचते, लिहीत नाही.

प्रश्न : दर वेळी उबुंटूत फाइल मॅनेजरमध्ये जाऊन ड्राइव्हवर टिचकी मारावी लागते. ते टाळायला 'एफएसटॅब' मध्ये ओळ घातली तर पुढच्या वेळी काळा पडदा आणि 'इमर्जन्सी मोड'. (एक वाचक, सातारा)

आधी बाहेर निघा. पडद्यावर एंटर दाबून आज्ञा देण्याची जागा मिळत असेल तर 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' ही आज्ञा द्या, नाहीतर बदल साठवले जात नाहीत. मग 'नॅनो /ईटीसी/एफएसटॅब' उघडा, तुम्ही घातलेल्या ओळीच्या आरंभी # लावा, साठवा आणि रीस्टार्ट करा. ती जागा मिळत नसेल तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून डिस्कवरच्या त्याच फाइलीत तोच बदल करा.

असे का झाले? एफएसटॅब म्हणजे यंत्र सुरू होताना कोणते विभाग जोडायचे याची यादी, आणि तिच्यातली प्रत्येक ओळ 'हे जोडल्याशिवाय पुढे जाऊ नको' असा हुकूम असते. यूयूआयडीचे (विभागाच्या ओळखीचे) एक अक्षर चुकले, किंवा वर सांगितल्याप्रमाणे विंडोज झोपलेले असल्याने ड्रायव्हरने नकार दिला, की उबुंटू तिथेच थांबते. डिस्कच सापडत नसेल तर दीड मिनिट वाट पाहून मग हात टेकते. त्यावर एकच शब्द पुरे : 'नोफेल'. तो पर्यायांत असला तर विभाग जोडला गेला नाही तरी यंत्र सुरू होते.

ओळीत सहा रकाने. पहिला 'यूयूआयडी=' (हा शब्द मोठ्या अक्षरांत) आणि त्याला चिकटून विभागाची १६ अक्षर-अंकांची ओळख. ती 'एलएसबीएलके -एफ' ने दिसते, तिथूनच नक्कल करा, हाताने टाइप करू नका. दुसरा रकाना जोडायची जागा, उदाहरणार्थ '/एमएनटी/डेटा'. हे फोल्डर आधी तयार पाहिजे. तिसरा 'एनटीएफएस३' किंवा 'एनटीएफएस-३जी'. चौथ्यात स्वल्पविरामाने जोडून, मध्ये जागा न सोडता : 'यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,यूमास्क=०२२,विंडोज_नेम्स,नोफेल'. पाचवा आणि सहावा शून्य. फाइलीत हे आकडेही अर्थातच रोमन. १००० हा उबुंटू बसवताना तयार झालेल्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक. तो दिला नाही तर सगळ्या फाइलींचा मालक 'रूट' (यंत्राचा प्रशासक) होतो आणि तुम्हालाच लिहिता येत नाही.

साठवल्यावर रीस्टार्ट करायच्या आधी 'सुडो माउंट -ए' करून पाहा. चूक असेल तर ती चालू यंत्रावरच दिसते, काळ्या पडद्यावर नाही. पहिला रकाना 'एसडीए५' अशा नावाने का भरू नये, असाही प्रश्न येतो. विभाग वाढला-घटला की ते क्रमांक सरकतात. यूयूआयडी विभाग पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत तीच राहते.

इतके सगळे नको असेल तर उबुंटूमधल्या 'डिस्क्स' प्रोग्रॅममध्ये विभाग निवडून, दातेरी चक्राच्या बटणातून 'एडिट माउंट ऑप्शन्स' घ्या, 'यूझर सेशन डिफॉल्ट्स' बंद करा आणि ठीक म्हणा. एफएसटॅबमधली ओळ तोच प्रोग्रॅम लिहितो, नोफेलसकट. पहिल्यांदा करणाऱ्याने याच वाटेने जावे.

प्रश्न : डी ड्राइव्हवरचे मराठी नावांचे फोल्डर उबुंटूच्या होममध्ये उतरवताना काही फाइलींवर 'फाइल नेम टू लाँग' येते. इंग्रजी नावांना येत नाही. शिवाय एका फोल्डरमध्ये 'दुसऱ्या सभेचे इतिवृत्त' या नावाच्या दोन फाइली आहेत, अगदी सारख्या नावाच्या! हे शक्य कसे? (एक वाचक, अहिल्यानगर)

प्रश्न उत्तम, आणि देवनागरीत काम करणाऱ्यालाच पडणारा.

एनटीएफएस फाइलीचे नाव यूटीएफ-१६ (अक्षरे साठवण्याची एक पद्धत) मध्ये ठेवते आणि २५५ एककांपर्यंत मुभा देते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे एक एकक. उबुंटूची स्वतःची फाइल सिस्टिम ईएक्सटी४ मात्र २५५ बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'महाराष्ट्र' घ्या. डोळ्याला चार अक्षरे. साठवणीत म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी दहा चिन्हे. एनटीएफएसवर १० एकके, ईएक्सटी४ वर ३० बाइट. म्हणजे उबुंटूकडे मराठी नावाला जास्तीत जास्त ८५ चिन्हे, आणि काना-मात्रा-हलन्त धरून ती भराभर संपतात. देवनागरी आकडेही ३ बाइट खातात, रोमन आकडा एकच. 'ग्रामसभेच्या विशेष बैठकीत मंजूर झालेल्या ठरावांची…' अशा सरकारी थाटाच्या नावाचे तिथे जमत नाही. ही मर्यादा प्रत्येक फाइलीच्या आणि प्रत्येक फोल्डरच्या नावाला स्वतंत्र आहे, पूर्ण पत्त्याला नाही. तेव्हा नाव लहान करून बाकीचा तपशील वरच्या फोल्डरच्या नावात टाकला तरी भागते. नावे बदलायची ती डी वरच, उतरवण्याआधी.

आता जुळ्या फाइली. 'दुसऱ्या' मधला आडवा र दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो : ऱ हे स्वतंत्र चिन्ह अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. ऱ हे स्वतंत्र चिन्ह न घेता र खाली नुक्ता देऊन केलेला तिसरा प्रकारही भेटतो. विंडोजमध्ये एका कळफलकाने नाव लिहिले, उबुंटूत दुसऱ्या, आणि फाइल सिस्टिम ही नावे वेगळीच मानते. म्हणून दोन्ही फाइली शेजारी नांदतात आणि शोधताना एकच सापडते.

उपाय म्हणजे दोन्हीकडे एकच कळफलक. इनस्क्रिप्ट विंडोज आणि उबुंटू दोन्हींत आयता मिळतो. त्यात 'ऱ्या' असा : शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. असलेल्या जोडीतल्या दोन्ही फाइली उघडून, तारीख पाहून कोणती ताजी ते ठरवा आणि एकीचे नाव बदला. त्याआधी एकही पुसू नका. आतला मजकूर वेगळा असण्याची शक्यता दाट आहे.

याच जातीचे आणखी दोन घोळ : लिनक्स 'फोटो.जेपीजी' चे नाव रोमनमध्ये मोठ्या आणि छोट्या अक्षराने वेगळे धरते, विंडोज धरत नाही. एका फोल्डरमध्ये दोन्ही असतील तर विंडोजमध्ये कोणत्याही नावावर टिचकी मारा, एकच उघडेल. आणि 'बैठक १०:३०' असे अपूर्णविरामाचे नाव लिनक्स खुशाल देऊ देते, विंडोजला ती फाइल उघडताही येत नाही. वरच्या ओळीतला 'विंडोज_नेम्स' हा पर्याय दुसऱ्या घोळापुरता आहे : विंडोजला न चालणारी चिन्हे असलेले नाव तो देऊच देत नाही.

प्रश्न : उबुंटूचे पूर्ण होम फोल्डरच सामाईक विभागावर नेले तर? (एक विद्यार्थिनी, पुणे)

नको. होममध्ये तुमच्या फाइलींपेक्षा प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज जास्त असतात. त्यांना लिनक्सच्या पद्धतीच्या परवानग्या लागतात, आणि वर दिलेल्या पद्धतीने जोडलेल्या एनटीएफएसवर सगळ्या फाइलींना एकच सरसकट परवानगी असते. ड्रायव्हर एनटीएफएस-३जी असेल तर 'सीएचमॉड' या परवानगी बदलण्याच्या आज्ञेनेही ती बदलत नाही. एसएसएचची (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या साधनाची) खासगी किल्ली अशा ठिकाणी असली तर एसएसएच 'किल्ली उघड्यावर आहे' म्हणून ती वापरायलाच नकार देते.

न्यायचे ते फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज आणि डाउनलोड्स. उबुंटूत होममधल्या '.कॉन्फिग' फोल्डरमध्ये 'यूझर-डर्स.डर्स' ही फाइल आहे. तिच्यात प्रत्येकाचा पत्ता बदला, लॉगआउट करून परत या. विंडोजमध्ये त्या-त्या फोल्डरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. त्याआधी वनड्राइव्हचे फोल्डर बॅकअप बंद आहे ना ते पाहा. ते चालू असले की डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या ताब्यात असते आणि बऱ्याच फाइली प्रत्यक्षात डिस्कवर नसतातच, नुसती खूण असते. विंडोज उघडताना त्या उतरवून घेते. लिनक्सला ती खूण उलगडत नाही, फाइल दिसते पण उघडत नाही.

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावरचे खेळ सामाईक ठेवायचा मोह होस्टेलात होतोच. लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणारे 'प्रोटॉन' आपल्या 'कॉम्पॅटडेटा' फोल्डरात 'सी:' अशा नावाच्या कड्या (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारे दुवे) तयार करते. अपूर्णविराम पुन्हा आलाच. 'विंडोज_नेम्स' लावले असेल तर खेळ सुरूच होत नाही, नसेल तर चेकडिस्क तक्रार करते. तेवढे एक फोल्डर ईएक्सटी४ वर ठेवून तिथून कडी द्यावी लागते. जागा असेल तर खेळ दोन्हीकडे वेगळे ठेवलेले बरे.

प्रश्न : थंडरबर्डची मेल दोन्हीकडून एकच दिसावी म्हणून प्रोफाइल सामाईक विभागावर ठेवले. आता उबुंटूत 'जुनी आवृत्ती उघडत आहात' म्हणून अडते. (एक वाचक, बेळगाव)

विंडोजमधल्या थंडरबर्डने (ईमेलचा प्रोग्रॅम) स्वतःला अपडेट केले, उबुंटूतले मागे राहिले. प्रोफाइल नव्या आवृत्तीने एकदा उघडले की जुनी त्याला हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे. दोन्हीकडे एकच आवृत्ती आणा, तोवर उबुंटूत नवीन कोरे प्रोफाइल करू नका, नाहीतर मेल कुठे आहे याचा गुंता वाढेल.

मुळात खाते आयमॅप असेल तर हा खटाटोप कशाला? मेल सर्व्हरवरच असते, दोन्हीकडे तेच खाते स्वतंत्र जोडा. सामाईक प्रोफाइलला अर्थ आहे तो पॉप३ (मेल संगणकावर उतरवून घेणाऱ्या) खात्यांसाठी, किंवा 'लोकल फोल्डर्स' मध्ये वर्षानुवर्षांची मेल साठवली असेल तर.

प्रश्न : डी ड्राइव्ह उबुंटूत उघडताना पासवर्ड मागतो. मी कधी दिलाच नव्हता. (एक वाचक, मडगाव)

तो बिटलॉकर, विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन. नव्या यंत्रांवर विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले की डिस्क न विचारता कूटबद्ध होऊ शकते. विंडोजमध्ये किल्ली आपोआप लागते म्हणून कळत नाही. लिनक्सला ती द्यावी लागते : ४८ अंकी रिकव्हरी की, सहा-सहा अंकांचे आठ गट, मधल्या रेघांसह. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगइन केल्यावर ती सापडते. यंत्राबाहेर, कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बदलले किंवा बूटलोडर हलला की विंडोजही तीच मागेल.

दर वेळी नको असेल तर सेटिंग्जमध्ये फक्त डी साठी कूटलेखन बंद करा. दोन-अडीचशे जीबीला काही तास लागू शकतात, तेवढा वेळ लॅपटॉप चार्जरवर ठेवा. पण लॅपटॉप घेऊन बस-रेल्वेने फिरत असाल आणि डी वर बँकेचे, आधारचे कागद असतील, तर ४८ अंक टाइप करण्याचा त्रास परवडला.

प्रश्न : विंडोज सुरू झाले की 'ई ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा' असे येते. (एक वाचक, जळगाव)

कॅन्सल! ई म्हणजे तुमचे उबुंटू आहे. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही, म्हणून तो विभाग त्याला कोरा वाटतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या विभागावर उजवी टिचकी, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', 'रिमूव्ह'. अक्षर गेले की विचारणे थांबते. त्याच यादीत 'डिलीट व्हॉल्यूम' आहे, त्याच्याकडे बोट जाऊ देऊ नका. मूळ कारण बहुधा विभागाच्या प्रकाराचा कोड 'लिनक्स' ऐवजी विंडोजचा लागलेला, हे आहे. लिनक्सच्या जीपार्टेडमध्ये त्या विभागाची 'एमएसएफटीडेटा' ही खूण काढली की कायमचे मिटते. आतल्या फाइलींना धक्का लागत नाही.

प्रश्न : उबुंटूतून विंडोजमध्ये आलो की घड्याळ साडेपाच तास मागे. (दोन वाचक, लातूर आणि वाशी)

यंत्रातल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक समजते. उबुंटूत 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा द्या. आपल्याकडे उन्हाळी वेळ नसल्याने भारतात हे चालून जाते. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्यांनी मात्र विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ला १ द्यावा, नाहीतर वर्षातून दोनदा दोन्ही सिस्टिम घड्याळ पुढे-मागे करून गोंधळ घालतात.

प्रश्न : सामाईक ड्राइव्हवरून ३० जीबी पुसले, रिसायकल बिनही रिकामी केली, जागा वाढली नाही. (एक वाचक, चंद्रपूर)

उबुंटूतून पुसले असणार. ते विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, त्याच ड्राइव्हवरच्या '.ट्रॅश-१०००' फोल्डरमध्ये जाते. उबुंटूत जाऊन ट्रॅश रिकामी करा. उलटही खरे आहे : विंडोजची रिसायकल बिन उबुंटूत रिकामी होत नाही.